तीनदा मोजायचा क्वार्क

मी, एलिया योसेफ पाटोळे, वय ७४, निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत ही शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी बुद्धी तपासायला आजचा वार विचारला. मी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवला. मला पत्नी, मूलबाळ नाही. मागे भांडायला कोणी नसल्याने वकिलाचं काम सोपं झालं.

१. राहतं घर, स्वकष्टार्जित, माझी दिवंगत बहीण एस्तेर हिचा मुलगा पॉल यास. तो दर नाताळला मोबाईलवर केकचं चित्र पाठवतो. एवढ्यावर घर मिळतं, हे त्याने चारचौघांत सांगू नये.

२. बँकेतील सर्व ठेवी गोजरबाईंना. एकोणीस वर्षं त्यांनी मला भाकरी करून घातली आणि घरातला माझा गणिताचा फळा एकदाही पुसला नाही. ज्याला काही मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्या साक्षीदार नाहीत. त्यांच्या जागी दुसरं माणूस शोधायला मला नऊ दिवस लागले.

३. पुस्तकं कोणत्याही वाचनालयाला द्यावीत, आमच्या कॉलेजला मात्र नाही. निरोपसमारंभाच्या पत्रिकेत त्यांनी माझा विषय 'अणुऊर्जा' छापला होता. माझा विषय मूलकण आणि पुंजक्षेत्रं.

४. माझ्या एकतीस वह्या माझी विद्यार्थिनी पुष्पावती सहादेव गर्जे, हल्ली शिक्षिका, श्रीगोंदा, हिला.
कारण लिहितो. मी निसर्गात आणखी एक बल असावं असं मानून इलेक्ट्रॉन, क्वार्क अशा प्रत्येक मूलकणाला त्याचा, विद्युतभारासारखा, भार नेमून दिला होता. अशा सगळ्या भारांची बेरीज शून्य यावी लागते, नाहीतर सिद्धांत कोसळतो. माझी शून्य आली. २००३ साली पुष्पावती वही चाळून म्हणाली, "सर, प्रत्येक क्वार्क तीन रंगांत येतो, म्हंजे तीनदा मोजायचा. इथं तुमी एकदाच मोजलाय."
तिचे आईवडील पाथर्डीहून दरवर्षी ऊसतोडीला जात. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "उसाच्या फडातून आलेल्यांनी मोळ्या मोजाव्यात, क्वार्क नव्हे." तिने भौतिकशास्त्राचं शिक्षण सोडलं.
चूक मला २००९ साली दिसली. तीच बरोबर होती. माझं गणित समजणारं दुसरं कोणी भेटलं नाही. मी फळ्याशीच बोलत राहिलो. फार एकटं वाटलं, आणि ते माझ्याच कर्माने.

५. वरची चार कलमं वाचून दाखवताना साक्षीदार काकासाहेब, आमचे दूधवाले, म्हणाले, "सर, बाई हायेत ना अजून? मग मरायची वाट कशापायी बघता? लावा की फोन."
तिचा नंबर अकरा वर्षं माझ्याकडे होता. साक्षीदारांसमक्ष लावला. म्हणालो, "पुष्पावती, बेरीज तुझीच बरोबर होती. मला क्षमा कर."
"कोणती बेरीज, सर?"
मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
"ते गणित आता आठवत न्हाई, सर," ती म्हणाली. "मोळ्यांचं आठवतं."
वह्या नकोत, असंही तिने सांगितलं. त्या रद्दीत द्याव्यात. कलम ४ मधली कबुली मात्र मी तिच्या नावे कायम ठेवतो.

सही: एलिया योसेफ पाटोळे
समक्ष, एकमेकांसमोर सही करणारे:
१. डॉ. शौनक नृसिंह देशमुख
२. काकासाहेब रामभाऊ शेळके
अहिल्यानगर, १८ नोव्हेंबर २०२५