लाल खडे

पनवेल,
३ मार्च १९६३

प्रिय भगवान,

तू उरणला बहिणीकडे गेल्यापासून तुझं पत्र आलं का बघायला दोनदा पोस्टात जाऊन मी रिकाम्या हाताने परत आलो. वहिनी आणि मुलं बरी आहेत. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत, पण चहा देतात. धाकट्याचा खोकला गेला. कारखान्यात कौलांची नवी भट्टी लागली आहे, आणि तुझ्या टोळीवर सध्या कोणीच मुकादम नाही. लोक आपापसांत ठरवून काम करतात. हजेरी लिहिताना मी मान वर करत नाही, कारण सगळे माझ्याकडेच बघत असतात.

तू गेलास त्या दिवसाबद्दल तुला सांगायचं आहे. मुंबईहून आलेल्या तरुण साहेबाला प्रत्येक मुकादम कसा आहे हे त्याच्या हाताखालच्या माणसांकडूनच काढून घ्यायचं होतं. लिहितावाचता येणारे थोडे, म्हणून त्याने प्रत्येक मुकादमाच्या नावाची मडकी मांडली. मुकादम ऐकून घेतो का, न्यायाने काम वाटतो का, असं एकेक विचारायचं, आणि कापडाखाली हात घालून खडा टाकायचा. पांढरा म्हणजे हो, कौलाचा लाल तुकडा म्हणजे नाही. कोणी काय टाकलं ते कोणाला कळणार नाही. मी पडलो हजेरी कारकून. मला खडा नव्हता, लोकांना रीत समजावून सांगायचं काम तेवढं होतं. ते मी इतकं चोख केलं की तुझी वाट लागली.

आदल्या दिवशी साहेबाच्या बोलण्यातून मला कळलं होतं की ठाण्याच्या नव्या कारखान्याला हेडमुकादम हवा आहे, आणि ज्याची माणसं त्याला चांगलं म्हणतील त्यालाच नेणार. मला आपला जुना मुकादम काशिराम आठवला. चांगला म्हणून त्याला कंपनीने दुसरीकडे उचलला, आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाने आपल्या लोकांना कसं पिळलं ते तू पाहिलंस. टोळीतल्या हौसाचं तान्हं फाटकाबाहेर रडत असायचं आणि तिला पाजायला सोडत नसत. तू मुकादम झालास आणि कौलं वाळवायच्या छपरात पाळणा बांधलास. आता तूही जाणार, या विचाराने माझी अक्कल गहाण पडली. मी टोळीत एकेकाला गाठून सांगितलं, भगवान हवा असेल तर लाल टाका. फार तर साहेब त्याला इथेच ठेवील, असं मला वाटलं. ठमाबाई तेवढी म्हणाली, "आनंदा, ह्ये बरं नाय. खोट्याचा डाग लागंल त्याला." मी तिला हसून गप्प केलं.

साहेबाने सगळ्यांसमोर मडकी पालथी केली. तुझ्या नावाचा नुसता लाल ढीग. तू माझ्याकडे पाहिलंस, आठवतं? मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण साहेब शेजारी उभा होता, नोकरी जाईल अशी भीती वाटली, आणि मी मान खाली घातली. तू शिट्टी आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि निघून गेलास. आपल्याच माणसांनी आपल्याला असं म्हणावं, हे मनात घेऊन तू उरणची वाट धरलीस. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, भगवान. मी नालायक ठरलो, तू नाही.

परवा साहेब पुन्हा आला तेव्हा बोलली ती हौसा. मूल कडेवर घेऊन सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "सायेब, मानूस चांगला हाय म्हनून आमी लाल टाकलं. जाऊ नये म्हनून." साहेबाला आधी उमजेचना. मग मीही पुढे झालो आणि ही शक्कल माझी होती हे सांगितलं. त्याने मला चांगलंच झापलं, माझी बढती अडवली, ते योग्यच झालं. मग त्याने पुन्हा मडकी मांडली. टोळी माझ्याभोवती जमली. आता काय टाकायचं, असं हलक्या आवाजात विचारत होती. लाल टाका म्हणायला जीभ वळवळली. मी म्हणालो, खरं असेल ते टाका. एकही लाल निघाला नाही.

म्हणून ठाण्याच्या जागेसाठी तुझंच नाव गेलं आहे. कंपनीचं पत्र दोन-चार दिवसांत तुला मिळेल. हे पत्र न लिहिता मी गप्प बसलो असतो तर तू आमच्यावरच्या रागात, पाठ फिरवून ठाण्याला गेला असतास. आता हे वाचून तू विरघळशील, आणि आम्हाला सोडवत नाही म्हणून नको म्हणशील, हे मला ठाऊक आहे. खरं सांगतो, तू तसंच करावंस असं माझ्या मनात या घडीलाही आहे. त्या मनाने तुझं एकदा वाटोळं केलं. म्हणूनच लिहितो आहे. माझं ऐकू नकोस, भगवान. जा.

तुझाच अपराधी,
आनंदा