डोंगीतली पुढची जागा

५ नोव्हें. ७८, देवास

आणि वर मायच म्हणते, मी बदललो. तीच म्हणाली होती ना, जा देवासला, तिथं तापी नाही, कारखाना आहे, जीव वाचेल. आलो. आता दिवाळीला गेलो नाही म्हणून रडते. गेलो असतो तर डोहावर नेऊन शपथ घातली असती. मागल्या साली निघालीच होती, मी एस.टी. धरून पळालो. पाण्याला शिवू नको म्हणे. भाऊ बुडाला त्यात माझा काय गुन्हा? नळाखाली अंघोळ चालते का, विचारलं तर बोलणं बंद.

पत्र वहिनीच्या हातचं. खाली नेहमीचं. दत्तजयंतीच्या आत आसरांच्या ओटीचे अकरा रु. पाठव. दर साली पाठवतो. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, भाऊच्या नावानं. मायचं म्हणणं, डोहातल्या आसरांनी त्याला नेला, ओटी पोचली की नीट ठेवतात.

आज सुट्टी. सायकल काढली, टोंकखुर्दच्या रस्त्याला लागलो. आत एक तलाव. एक म्हातारा शिंगाडे काढत होता. पत्र्याची डोंगी, एकाच माणसापुरती. बघत बसलो. तो ओरडला, "कईं देखी रियो है भिया? म्हारे के डोंगी के?"

म्हटलं, डोंगीला.

खूप हसला. गेंदालाल नाव.

८ नोव्हें.

दुसरी पाळी. प्रेसवर हात चालतो, डोकं तलावात. तापीवर आमची लाकडी होडी होती. भाऊ पुढं वल्हं मारायचा, मी मागं बसून डब्यानं पाणी उपसायचो. भाऊ गेल्यावर मायनं ती फोडून चुलीत घातली.

खोलीतला वामन नागपूरचा. म्हणतो, "मासेच खायचे तर बाजारात मिळतात ना बे."

मासे खायचे नाहीत. एकदा एकट्यानं पाण्यावर जायचंय आणि परत यायचंय. एवढंच. ते वामनला काय सांगणार.

१२ नोव्हें.

गेंदालालशी ठरलं. दुपारपर्यंत मी शिंगाड्यांची पोती रस्त्याला नेऊन टाकायची, मग तो डोंगी शिकवणार. त्यानं आधी कमरेला वाळका भोपळा बांधला. म्हटलं, मला पोहता येतं.

"तो भी बांध. जित्ते डूबे, सब तैराक था."

भाऊ आठवला. बांधून घेतला.

बसलो. डोंगीचं नाक वर, बूड खाली, मागून पाणी आत. डावीकडं कलंडते, उजवीकडं कलंडते. गें. काठावरून शिव्या देतो. "बीच में बैठ रे! आगे की जगा किसके लिए रखी? थारी लाड़ी आएगी?" लाड़ी म्हणजे बायको. काठावरच्या दोन बायकापण हसल्या. मीपण हसलो. पुढं सरकायला गेलो. सरकलोच नाही.

सायकलवर परत येताना कळलं. ती भाऊची जागा.

१९ नोव्हें.

आज बुडायचा धडा. गें. म्हणतो, उलटणार तर आहेसच, माझ्यासमोर उलट. थंडी कडक. डोंगी सोडायची नाही. बाजूनं चढायचं नाही, मागच्या टोकाकडून पोटावर सरकत यायचं. पायाला शिंगाड्याचा वेल लागला तर लाथा झाडायच्या नाहीत, जास्त गुंततो. पाय सैल सोडून आडवं व्हायचं.

तीनदा उलटलो. दुसऱ्या वेळी वेल खरंच लागला. घोट्याला, कोणी धरावं तसा. वर आलो तेव्हा ओरडत होतो. काय ओरडत होतो ते गें.नं सांगितलं. "भाऊ भाऊ कर रियो थो. कुण है ये भाऊ?"

थोरला, म्हटलं.

"कठे है?"

पाण्याकडं बोट केलं. त्यानं बिडी पेटवून माझ्या तोंडात दिली. भाऊ तीच बिडी ओढायचा, तोच वास. कपडे वाळले तरी वास जाईना.

२३ नोव्हें.

वामन म्हणतो, "झोपेत हात हलवत होतास. काहीतरी उपसत होतास."

२६ नोव्हें.

गळ. कणकेची गोळी, नायलॉनची तंगूस, काठी नाही. नाक अजून वर राहतं, पण थोडं कमी. गें.ची एकच गोष्ट, दहा वेळा. तंगूस हाताला गुंडाळायची नाही. मासा मोठा असला तर जाऊ दे. मासा दुसरा मिळतो.

मासा लागला. ओढ अशी की डोंगी फिरली. काठावरून बोंब आली. खाली बघितलं तर तंगूस, मनगटाला तिचे वेढे. मी घेतले नव्हते. शपथ. म्हणजे घेतले असतील, आठवत नाही. भाऊ असेच घ्यायचा. सापडला तेव्हा उजव्या मनगटावर हिरवट रेघा होत्या. माय म्हणाली, आसरांच्या बांगड्यांच्या खुणा. सगळ्यांनी हो म्हटलं. मी पण.

शिंगाडे काढायचा विळा डोंगीत होता, त्यानं तोडली. मासा गेला. हातावर रेघ आहे. बाही खाली ओढून कामाला जातो.

१ डिसें.

पत्र. मायच्या स्वप्नात भाऊ आला. अंगावरून पाणी गळतंय, दारात उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, सुक्या कुठंय? सुक्या म्हणजे मी. माय विचारते, खरं सांग, तू पाण्यात जातोस का?

काय लिहू.

३ डिसें.

गेलो नाही. सायकल पुसली. परत पुसली. वामननं विचारलं, बायको रुसली का तलावावरची? तिसऱ्यांदा पुसायला घेतली.

१० डिसें.

गेलो. गें. म्हणाला, "आयग्यो?" बस. स्वतःहून भोपळा बांधला, गाठ ओढून बघितली. विळा हाताशी. पोती नंतर, आधी डोंगी. पाण्यावर सकाळचं धुकं. मग मनात म्हटलं, भाऊ, सरक. आणि पुढं सरकून मधे बसलो.

नाक खाली आलं. डोंगी सरळ. वल्हं लागलं की जाते. कुठंच कलंडत नाही. इतकं सोपं होतं.

पार पल्याडच्या काठापर्यंत गेलो, गळ टाकला. तंगूस बोटांतून मोकळी. एक मरळ मिळाली, वीतभर. परत फिरलो. तेव्हा मागं डब्याचा आवाज. पाणी उपसल्यासारखा. डोंगीत डबा नव्हता. मान वळवली नाही. मधे बसून मान वळवायची नाही हे पण शिकवलंय, तोल जातो. भीती वाटली का? वाटली. पण थांबावंसं वाटलं नाही.

काठाला लागलो. गें.नं डोळ्यांवर हात धरलेला. म्हणतो, "अच्छो चल्यो आज. दूर से म्हारे के दो जणा दिख्या." मग स्वतःच हसला, "धूप है. डोळा बी गया म्हारा."

मरळ त्यालाच दिली. पुढल्या रविवारी ये म्हणाला. हो म्हटलं.

मायला काही लिहिलं नाही. उद्या पोस्टात जायचं, म.ऑ. करायची. ओटीचे अकरा, दर सालचे. आणि आणखी एका ओटीचे. माय विचारेल, ही दुसरी कोणाच्या नावाची? मागं बसून उपसणाऱ्याच्या. तो भाऊ की मी, मलाही नीट सांगता येणार नाही.

बावीस रुपये.