ट्रायल न घेतलेली धाकटी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई एकदा म्हणाली होती, की हिला चालेल. तुला आठवत नसेल, तू बॅग भरत होतीस. बाबांचे डोळे अधू झाले होते, शिलाईच्या दुकानात एका मुलीनं बसायचं होतं आणि भूगोल शिकायला मलाही प्रवेश मिळालेला होता. हिला चालेल, हे आईनं बाबांना सांगितलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काल तू पाठवलेली पानं मिळाली. तुझी गोष्ट आठवीच्या पुस्तकात धडा म्हणून येणार, त्याबद्दल अभिनंदन. मशीन बंद करून वाचली. शिंप्याच्या दोन मुली, थोरली शिकायला जाते, धाकटी दुकानात राहते. इथवर ठीक. पण तुझी धाकटी हसत मान डोलावते. आयुष्यभर थोरलीचे कपडे शिवते आणि शेवटी म्हणते, की तू शिकलीस म्हणजे मीच शिकले, माझ्या मनात काही नाही. त्याखाली प्रश्न, की धाकटीच्या त्यागातून, निष्ठेतून आणि क्षमेतून तुम्ही काय शिकलात?

ताई, मी हसले नव्हते. मी ट्रायल रूममध्ये शिरून आतून कडी लावली होती. बँकेचे साहेब कच्च्या दोऱ्यावरची नवी पँट घालून आरशासमोर आलेले, आणि त्यांची स्वतःची पँट माझ्याबरोबर आत. बसले तर शिवण उसवेल म्हणून बिचारे संध्याकाळपर्यंत उभे राहिले. मी आतून ओरडत होते, की मला चालणार नाही. तू दाराला कान लावून होतीस. मग हे सगळं गोष्टीतून गेलं कुठे?

लोभ आहेच, पण तूर्त घडी घालून ठेवला आहे.

तुझी,
टाचणी

११ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. बाबांनी तुझं नाव उगाच नाही ठेवलं, पहिल्या ओळीपासून टोचलंस. फोनवर मी तुला बोलू देत नाही हा तुझा जुना आरोप मान्य, म्हणून मीही कागद घेऊन बसले आहे.

साहेब पहिल्या खर्ड्यात होते. उभेच होते. मीच काढले. वाटलं, मुलांपुढे काही चांगलं ठेवावं. घरोघरी भावंडं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. एका तरी धड्यात कुणी कुणाला मोठ्या मनानं पदरात घ्यावं, एवढीच इच्छा.

आणि मी सगळं काय हवेतून आणलं का? आपली मापं एक, म्हणून माझा प्रत्येक कोट तू स्वतःच्या अंगावर घालून बघितलास आणि मग मला पाठवलास. इतक्या वर्षांत एकही कोट मला काखेत काचला नाही. मनात अढी असलेल्या बाईच्या हातून अशी शिवण होते का? त्याला मी निष्ठा म्हटलं, तर इतकं काय आकाश कोसळलं?

पुस्तक मंडळाच्या बाई महिनाअखेरीला माझी सही मागताहेत. तुझी नाराजी घेऊन सही करायला हात धजत नाही. तेव्हा एकदा पुन्हा वाच, थंड डोक्यानं. गुडघा कसा आहे? मशीनला मोटर बसव म्हणून मी कानीकपाळी ओरडते, पण ऐकेल ती टाचणी कसली.

रागासकट तू हवी आहेस.

तुझी,
ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. मोटर बसवणार नाही. डोकं थंड करून वाचली आणि आणखी तापले.

कोट काचला नाही, कारण मी उत्तम टेलर आहे. त्यात तुझ्यावरच्या मायेचं कौतुक नको. रागात शिवण वाकडी जाते असं तुम्हा लिहिणाऱ्यांना वाटत असेल. माझी सगळ्यात सरळ शिवण रागातली आहे. दुकान मी बाबांपेक्षा मोठं केलं आणि मला त्याचा तोरा आहे. पण चांगलं चालवलं म्हणजे मी ते निवडलं होतं, असं नाही. त्याग म्हणजे आपल्या हातातलं आपण होऊन दिलेलं. माझ्या हातातून काढून घेतलं. अजूनही बेतायच्या खाकी कागदाच्या मागच्या बाजूला मी नद्या आणि किनारे काढत बसते. गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली नवीन कॉलर?

मला धास्ती वेगळीच आहे. त्या आठवीच्या वर्गात एक तरी मुलगी असेल, जिच्याबद्दल घरी ठरून गेलंय, की हिला चालेल. ती तुझा धडा वाचेल आणि मान डोलावेल. वर मार्क मिळवेल! ते माझ्या तोंडानं नको.

आणि क्षमा. आई गेली, बाबा गेले, कुणी मागितली नाही. तूही नाहीस. तुझ्या गोष्टीत कुणी मागत नाही आणि ती बावळट धाकटी क्षमा वाटत सुटली आहे.

आपल्या दुकानाची रीत तू विसरलीस. पक्की टीप मारण्याआधी कच्च्या दोऱ्यावर माणसाच्या अंगात घालून बघायचं, आणि कुठे काचतं ते त्यानं सांगायचं. ही गोष्टही तू माझ्याच अंगावर बेतलीस, पण ट्रायलला बोलावलं नाहीस. आता घालून बघितली. गळ्याशी काचते. उसव.

घडी अजून मोडलेली नाही.

टाचणी

२८ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

उसवली.

साहेबांना परत आणून उभं केलं. धाकटी कडी लावते, ओरडते, कागदामागे नद्या काढते आणि शेवटपर्यंत माफ करत नाही. मंडळाच्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, की यात मूल्य काही उरलं नाही, जुना शेवट द्या, नाहीतर धडा गाळावा लागेल. मी म्हटलं, गाळा. त्या हबकल्या, की मग यातून मुलींनी शिकायचं तरी काय? मी सांगितलं, कडी लावायला. त्यावर त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पत्र आलं, धडा गेला. रडू येईल असं वाटलं होतं, पण स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले.

गोष्ट आता माझ्या पुढच्या पुस्तकात येईल, तीही तू हो म्हणालीस तर. सोबत प्रत पाठवते, कच्च्या दोऱ्यावर आहे. अंगात घाल, खडूनं खुणा कर, हवं तिथे फाड.

एक गोष्ट मात्र थोरलीच्या तोंडी घालायला धजले नाही. ती आधी मी विचारायला हवी, आणि तुला विचारायला हवी. तुझं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय, त्या ट्रायल रूमच्या दारामागून आलं होतं तसं. तरीही विचारते. टाचणे, मला माफ करशील?

ताई