घरोघरची खुशाली

१४ जुलै १९५४

आज मनकर्णाबाईच्या पत्रात माझ्यासाठी दोन ओळी! वाचता वाचता मी अडखळलेच. "पत्र लिहिणाऱ्या बाईंना नमस्कार सांगावा. त्यांचं अक्षर पाहिलं की इथल्या भिंती थोड्या मागं सरकतात." मनकर्णाबाईला फक्त नमस्कार सांगितला. भिंतींचं गिळलं.

दोन वर्षांपूर्वी बदली होऊन मेडशीला आले तेव्हापासून या म्हातारीची पत्रं मीच लिहिते अन् आलेली मीच वाचून दाखवते. तिचा मुलगा इंद्रभान जेलात आहे. सात वर्षांची सजा. बायकोच्या भावाला, जगदेवला, विहिरीत ढकललं म्हणून. गावात अजून सांगतात — तीन दिवस सगळ्यांबरोबर हाही जगदेवला शोधत फिरत होता, तिरडीला पहिला खांदा याचा, अन् रडला तोही सगळ्यांत जास्त. ढकललं काहून, ते कोर्टालाही नीट कळलं नाही. बायको गोजरा अकोल्याला कोर्टात उभी राहून खरं बोलली, म्हणून सजा तरी झाली.

असा माणूस! पण लिहिणं बघावं तर — आधी कार्डाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ रेघ ओढतो, मग तिला एकेक अक्षर टांगतो, दोरीवर धुणं घालावं तसं. दोन शब्दांच्या मध्येही रेघ तोडत नाही. शाळेतल्या मुलींनी असं लिहिलं तर मी छडी काढीन. त्याचं मात्र शोभतं.

१५ जुलै

पाट्या तपासताना शिरोरेघाच बघत बसले. अहो बाई, वय चौतीस तुमचं!

८ सप्टेंबर

मनकर्णाबाई येऊन गेली. तासभर लागला. इकडं पत्र म्हणजे घरोघरची खुशाली — कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेराहून आली, कोणाचं घर शाकारलं. एखादं नाव राहिलं तर ते घर रुसतं. अन् इंद्रभानही प्रत्येक पत्रात नावं घेऊन विचारतो, कोणाला विसरत नाही. म्हातारी ओट्यावर बसून सांगते, मी लिहिते. शेवटी नेहमीचं वाक्य : "गोजरा खानदेशात गेली कापूस येचाले, तिकडंच राह्यली, असं लिवा." चेहरा कोरा ठेवून सांगते. सासूच ती, सुनेचा राग असणारच. सून कोर्टात हिच्या पोटच्या पोराविरुद्ध बोलली ना!

ती गेल्यावर कार्डाच्या कोपऱ्यात मी माझ्या चार ओळी घातल्या. त्यानं विचारलं होतं, तुमचं कोणी आहे का. लिहिलं — नवऱ्यानं दुसरं घर केलं. आईबाप नाहीत. एक गोमतीमावशी तेवढी हिंगोलीला, स्टेशनजवळ खानावळ चालवते. दिवाळीला तिच्याकडं जाते, दुसरी जागा नाही मला जगात.

लिहिलं अन् टाकलंसुद्धा पेटीत. आता छातीत धडधड. धडधडू दे. खोटं तर काही लिहिलं नाही. मी खोटं लिहीत नाही अन् मुलींना बोलू देत नाही, हे अख्ख्या मेडशीला ठाऊक आहे.

१२ ऑक्टोबर

पत्र आलं. मावशीची चौकशी, तिच्या हातच्या भाजीची चौकशी. "तुम्ही एकट्या नाही, माझ्यासारखा एक अभागी तुमचा भाऊ समजा." डोळे भरून आले. रडूबाई कुठली!

पण खाली एक गोष्ट आहे, ती मनातून जात नाही. मागच्या दोन पत्रांत तो एका मैनेबद्दल लिहायचा — भाकरीचा तुकडा हातावर घेऊन बोलावतो, येते, बसते. आज लिहिलंय : "मैना चार दिवस हाक मारली तरी येईना. पाचव्या दिवशी आली तेव्हा मान मुरगळली. या महिन्यात पत्राला उशीर झाला त्याची माफी असावी." त्याच शाईत, त्याच रेघेवर. उशिराची माफी मागितली, मैनेची नाही.

मनकर्णाबाईनं नेमकं विचारलं, मैना कशी हाय? मी म्हटलं, उडून गेली.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "उडाली? त्याच्या हातातून?"

मी पुढची ओळ वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं वाचलं. कोंडलेल्या माणसाचं डोकं फिरतं कधी कधी. तसंच काही असेल.

२ नोव्हेंबर

हिंगोलीहून परत आले. जऊळक्याला गाडीतून उतरले तर फलाटाच्या टोकाला नळावर एक बाई घागर भरत होती. गोजरा! पाहिलेली नव्हती कधी, पण मेडशीत सगळे सांगतात तो कपाळावरचा भाजल्याचा डाग लपत नाही. मी निरखून बघतेय हे दिसताच पदर ओढला अन् तोंड फिरवून चालती झाली. पानवाल्याला विचारलं. म्हणाला, थे होय, स्टेशनमास्तरच्या घरी भांडे घासते, तीन-चार वर्ष झाले, मागच्या खोलीत राह्यते.

म्हणजे खानदेश वगैरे काही नाही. दोन कोसांच्या अंतरावर सून, अन् म्हातारीला पत्ता नाही! कोणीतरी तिला फसवलंय अन् मी तेच खोटं दर महिन्याला सुंदर अक्षरात लिहीत बसलेय. संताप आला. पण म्हातारीला सांगितलं नाही. कशाला जखम उकरा.

२० नोव्हेंबर

इंद्रभानचं पत्र. फक्त मला उद्देशून लिहिल्यासारखं. "गोजराचा मी अपराधी आहे. ती मला कधी भेटणार नाही, भेटूही नये. पण ती दोन वेळ जेवते की नाही एवढं खरं कळलं तरी मी शांत मरेन. आई लिहवते ते तिच्या रागाचं असतं. तुम्ही खोटं लिहीत नाही." एवढं म्हातारीला वाचून दाखवलं नाही.

मनकर्णाबाई सांगत गेली, मी लिहीत गेले. खानदेशाचं वाक्य आलं. पेन क्षणभर थांबला. मग मी लिहिलं : गोजरा जऊळक्याला स्टेशनमास्तरकडं कामाला आहे, मागच्या खोलीत राहते, दोन वेळ जेवते, काळजी नसावी.

म्हातारी म्हणाली, झालं लिवून? मी म्हटलं, झालं. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, कपाळाला लावलं अन् मला परत दिलं.

मला बरं वाटलं. काहीतरी चांगलं केल्यासारखं.

६ डिसेंबर

पत्र नाही. आभाळ आलंय, कापूस भिजणार म्हणून गाव सुतकात. शाळेत नऊच मुली.

११ जानेवारी १९५५

आलं एकदाचं. इतकं छोटं! "सर्व कळलं. आता मला काही नको. सर्वांना नमस्कार." गोजराचं नावसुद्धा नाही. अन् माझ्याबद्दल एक अक्षर नाही! दिवसभर मुलींवर उगाच ओरडले. उत्तरात मी कोपरा कोराच सोडला. बघू विचारतो का.

८ फेब्रुवारी

नाही विचारलं.

३ मार्च

लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मनकर्णाबाई आज रिकाम्या हातानं आली. पोलीस पाटलानं निरोप दिला तिला — वर्तणूक चांगली म्हणून इंद्रभानला सूट मिळाली, वीस तारखेला सुटतोय. मी म्हटलं, अहो मग पेढे वाटा! तर ती ओट्यावर टेकली अन् लुगड्याच्या काठाशी खेळत राहिली. मी पुन्हा म्हटलं, बदललाय तो आता. पत्रं वाचते ना मी.

"माह्या पोटचा हाय थो," ती म्हणाली. "लहानपनापासून पाह्यलं म्या त्याले. हातातून सुटलेलं त्याले खपत नाही. कोर्टातून जाताना गोजरीकडं पाहून हासला, थे म्या पाह्यलं." मग आवाज खाली करून : "पन काळजी नाही, बाई. थे कुठी हाय, त्याले माहीत नाही. जऊळक्याले तिले म्याच नेऊन घातली. अन् चार वर्सं झाली, हर पत्रात खानदेश लिवून घेतलं. पयले गुरवाकडून, मंग तुमच्याकडून. तुमच्या हाताचं लिवलेलं असलं म्हनजे त्याले खरं वाटते."

मी तिच्यासमोर बसून होते. पाणी देऊ का विचारलं. ती नको म्हणाली अन् निघून गेली.

मूर्ख! मूर्ख बाई! लाज वाटू दे!

४ मार्च

रजा टाकली, बैलगाडीनं जऊळका गाठलं. गोजराला मागच्या खोलीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं, अंगावर धावून येईल. ती नुसती म्हणाली, "कधी सुटते?" अन् गाठोडं बांधायला लागली. दोन लुगडी, एक तांब्या, भावाची, जगदेवची, एक जुनी टोपी. बस.

जायचं कुठं? तिला कोणी नाही. मी म्हटलं, माझ्या मावशीकडं जा, हिंगोलीला. खानावळीत हाताखाली बाई हवीच आहे तिला. स्टेशनमास्तरला सांगायचं नाही, सासूलासुद्धा नाही. मावशीच्या नावानं चिठ्ठी दिली. एक कोरं कार्डही दिलं, पत्ता मीच लिहून : मास्तरीणबाई, मुलींची शाळा, मेडशी. पोचलीस की कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घे म्हटलं. हिंगोलीच्या गाडीत बसवून दिलं. डब्याच्या खिडकीतून ती म्हणाली, "बाई, आता कोनाले लिवू नका."

नाही लिहिणार, बापा. कध्धी नाही.

२१ मार्च

आला. सकाळची शाळा सुटली अन् फाटकाशी उभा. धुतलेलं धोतर, केस विंचरलेले, माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगणा. वाकून पाया पडला! मुली बघत होत्या. मी हात पाठीशी धरून उभी राहिले.

एकेकाची खुशाली विचारली त्यानं, सावकाश, पत्रातल्यासारखी. माझी तब्येत. शाळेचं छप्पर. हिंगोलीची मावशी बरी आहे ना, खानावळ चालते ना. मी म्हटलं, बरी आहे, चालते. मग अगदी सहज गोजराचं काढलं. म्हणाला, काल येता येता जऊळक्याले उतरलो, तिथं नाही म्हनतात. मी तयारच होते. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, खानदेशात गेली परत, कापूस संपला तरी तिकडंच राहणार म्हणत होती.

तो हसला. दात फार सुंदर आहेत त्याचे. "तुमी खोटं लिवत नाही, बाई. मले माहीत हाय." पुन्हा पाया पडला अन् गेला.

पटलं त्याला! दार लावून घेतलं अन् जमिनीवर बसूनच राहिले. तीस-पस्तीस वर्षं खरं बोलले त्याचा हा एवढा उपयोग झाला.

२३ मार्च

मनकर्णाबाई आली. इंद्रभान काल सकाळीच गेला, कामधंदा पाहतो म्हणाला, कुठं ते बोलला नाही. आज तिला सगळं सांगून टाकलं — नोव्हेंबरातलं कार्ड, जऊळका, सगळं. गोजराला दुसरीकडं हलवलंय एवढं सांगितलं, कुठं ते नाही. म्हातारी उठली, पदर नीट केला.

"शिकलेली बाई हाय म्हनून आलती मी तुमच्याकडं."

आता ती माझ्या ओट्यावर पुन्हा बसणार नाही. बरोबरच आहे.

२६ मार्च

हिंगोलीचं कार्ड अजून नाही. मावशीला कुठं लिहिता येतं! गिऱ्हाइकांच्या मागं लागून लिहवून घ्यायचं म्हणजे वेळ लागणारच.

२९ मार्च

कार्ड आलं! पत्ता माझ्याच अक्षरातला. आनंदानं शाळेतच उलटं केलं.

"गोजरा खुशाल आहे. मावशीही खुशाल आहे. काळजी नसावी."

कार्डाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच रेघ. अक्षरं तिला टांगलेली.