बर्फातून आलेलं रक्त

९ जानेवारी, सातारा
सर आज खूश. मला धडकी. म्हैस, शेळी, मेंढी — तिघींच्या रक्तातल्या प्लेटलेटमधलं एकच एन्झाइम मोजतेय, आणि मेंढीचं म्हशीच्या निम्मंही भरत नाही. "मेंढीकडे आजवर कुणाचं लक्षच गेलं नव्हतं," सर म्हणाले. जणू मेंढीच त्यांनी शोधली. पुढच्या महिन्यात सांगलीच्या परिषदेत वाचायचं. मार्चमध्ये माझा प्रबंध.

१० जानेवारी
तीनदा मोजलं. निम्मंच.

१५ जानेवारी, कडेगाव
संक्रांतीला घरी. आमच्या मोकळ्या रानात खतासाठी कोंडीबा धनगरांची मेंढरं बसलीत. माझ्या प्रयोगासाठी या मेंढरांचं रक्त जनावरांचे डॉक्टर काढतात, माझे वडील, अण्णा, ते एसटीने साताऱ्याला पोचवतात. म्हशी-शेळ्यांचं मात्र लॅबशेजारीच मिळतं.
अण्णा म्हणाले, "येक थेंब तरी नासला का आजवर? दुधाच्या किटलीत बर्फ भरून आणतो मी." आणि कौतुकाची वाट बघत बसले.
थंडीत प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मोजण्याआधीच तळाला जातात. रक्त गार करायचं नाही, हे पहिल्याच धड्यात आहे. मी अण्णांना सांगितलंच नव्हतं. किटलीत काय असतं, विचारलंही नव्हतं. पुढचं रक्त बर्फाशिवाय आणा, एवढंच त्यांना म्हटलं.
शाळेआधीची अक्षरं मला अण्णांनीच शिकवली. फौजेतले हवालदार. चुकलेलं अक्षर खोडलेलं चालायचं, खरवडून पुसलेलं नाही.

२२ जानेवारी
बर्फाशिवाय आणलेलं रक्त मोजलं. मेंढी म्हशीच्या बरोबरीला! शोध संपला.

२३ जानेवारी
सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.
"बर्फाचा उल्लेख आहे कुठे?"
"माझ्या प्रयोगाच्या वहीत आहे, सर. गावाहून आल्यावर नोंदवला."
"वही नवी मिळते. नवा गाइड मिळायला दोन वर्षं जातात."
एवढं स्वच्छ मार्गदर्शन तीन वर्षांत पहिल्यांदाच मिळालं.

२९ जानेवारी
नवी वही आणली. मागच्या तारखा घालून सगळं उतरवायचं, बर्फ तेवढा गाळायचा. अक्षर माझंच. सकाळपासून पहिली तारीखही लिहून झालेली नाही.

२ फेब्रुवारी
कोरी वही लॅबमधल्या कृष्णातमामांना नातीसाठी दिली. जुन्या वहीत बर्फाखाली लाल रेघ मारली. मामा बावीस वर्षं लॅबसाठी रक्त आणतायत. विचारलं, सरांच्या स्वतःच्या पीएच.डी.ला रक्त कसं यायचं?
"बर्फातच की. डिगरी मिळाली, पेढं वाटलं, आन दुसऱ्या दिवशी सर म्हणलं — कृष्णात, आता बर्फ नको."