तिन्ही खाती माझ्या मुठीत

३ डिसेंबर २०२४, वडसा.
मंडळाच्या नाटकाचं पोस्टर लागलं. उद्घाटक: रुखमाबाई. मी? सहउद्घाटकांत नववी, आटाचक्कीवाल्याच्या खाली. ही रुखमा टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझ्या हाताखाली ट्रंक कॉल लावत होती! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी क्षमा आणि स्पेलिंग दोन्ही शिकवलं. स्पेलिंग तेवढं लक्षात राहिलं.

५ डिसेंबर.
बदला ठरला. बाहेरगावची पोरं वर्गणी क्रिप्टोत पाठवतात. त्यासाठी तीन ब्लॉकचेनवर, म्हणजे नेटवरच्या तीन चोपड्यांत, मंडळाची तीन स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट खाती; लिहिलेला नियम ती आपोआप पाळतात, मध्ये बँकेचा माणूस नाही. भाची दिव्यानीने अशी रचना केली आहे की पहिल्या खात्यावरून हुकूम सुटला की इतर दोन चेनवरची खाती तो मुकाट पाळतात. हुकुमाला दोन सह्या लागतात, माझी आणि रुखमाची. नियम माझाच. माझा कोणावर विश्वास नाही. आता रुखमाचं नाव तिन्हीकडून उडवायचं. पैसा माझ्या एकटीच्या हातात, मग पोस्टर मी म्हणेन तसं.

८ डिसेंबर, सकाळी.
दिव्यानी फोनवर म्हणाली, मावशी, नियम नीट वाच, एकदा पाठवलं की परत फिरवता येत नाही. मला वाचायला शिकवते! हिला ए फॉर ॲपल मी शिकवलं.

दुपारी.
रुखमाकडे गेले. अपडेट आहे म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. "मले त्यातलं काई समजत नाई बाई. तू म्हनतेस ना, मंग दाबतो." पदराला हात पुसून तिने स्वतःचंच नाव कापायला संमती दिली. वर चहा पाजला. मी विरघळले नाही.

९ डिसेंबर.
हुकूम तिन्ही चेनवर पोचला. रुखमा बाद! खात्यांवर एकटी मी. इतकी शांत झोप रिटायर झाले तेव्हाही लागली नव्हती.

१५ डिसेंबर.
नाटक कंपनीचा गोपालभाऊ पैशासाठी माझ्या दारात. बरोब्बर. आधी नवं पोस्टर कबूल करून घेतलं, मग बटण दाबलं. खातं विचारतं, दुसरी सही? पुन्हा दाबलं. दुसरी सही?
नाव गेलं, नियम राहिला. रुखमाला परत घ्यायलाही दोन सह्या लागतात. दिव्यानीला फोन लावला. ती म्हणाली, मावशी, तुझा हुकूम मात्र सगळ्यांनी चोख पाळला.
चूक दिव्यानीचीच.

२० डिसेंबर.
मंडळाची सभा. पैसे अडकल्याचं मी सर्व्हरवर ढकललं. रुखमाने विचारलं, "त्या दिवशी तू माह्याकडून कायले बटन दाबून घेतलं व बाई?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा पुसला. रुखमा टोपली घेऊन घरोघर धान मागायला निघाली. लोकांनी दिलंही. मूर्ख.

४ जानेवारी २०२५.
धान विकून कंपनीचे पैसे भागले. नवं पोस्टर लागलं. उद्घाटक रुखमाच. सहउद्घाटकांत मी नाही. पण खाली माझ्या एकटीचा फोटो, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: "विशेष आभार: श्रीमती नंदिनीबाई रामटेके, ज्यांच्या कृपेने यंदा वर्गणी दोनदा गोळा झाली."
मजकूर रुखमाचा.
चौकात उभं राहून तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.