शिट्टीचा उपयोग

सोमवार, ३ तारीख
आजपासून नवी पद्धत: व्हिडिओ. बघायचं आणि तसंच करायचं. लाल टोपीसाठी. वर्गातली ऑटिस्टिक मुलगी ही; टोपी काढत नाही, रांगेत थांबत नाही, माझी शिट्टी वाजली की कान झाकून जिन्याखाली. विशेष शिक्षिका ताई म्हणतात, व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा करा, तिच्याच वयाचं मूल घ्या. मुख्याध्यापिका म्हणतात, वीस तारखेपर्यंत रांगेत थांबली नाही तर खेळाच्या तासाला ग्रंथालयात बसवू. तिच्या आईचा चेहरा उतरला. मी धीर दिला: वेळ लागेल, पण जमेल.

५ तारीख
शूटिंग. मूल कशाला? खेळ शिकवण्याचा बावीस वर्षांचा अनुभव घरात असताना नायक बाहेर शोधायचा? स्वतःच उभा राहिलो. रांगेत. एकटाच. मोबाइल शिपायाने धरला. शिट्टी राहूनच गेली. पोट आत धरल्यावर फुंकायला श्वास उरत नाही. चेंडू भलतीकडे गेला. शिपाई हसला, त्याला झापलं. हे एडिटिंगमध्ये उडवायचं.

६ तारीख
लांबी नऊ मिनिटं. बायकोला दाखवला. तिने विचारलं, पोट दुखत होतं का. कलेची जाण प्रत्येकाला नसते.

१० तारीख
एडिटिंग राहिलं (पाठ धरली). तसाच दाखवला. लाल टोपी नऊ मिनिटं जागची हलली नाही. तिनेच परत लावायला सांगितलं. चार वेळा. पद्धतीवर लेख लिहायला घ्यावा.

२० तारीख
मैदानावर सगळे हजर. शिट्टी आणायला विसरलो, तरी लाल टोपीने व्हिडिओतलं सगळं केलं. अगदी सगळं. रांगेत थांबली. पोट आत घेतलं. चेंडू भलतीकडे टाकला, शिपायाकडे बोट रोखलं आणि म्हणाली, "दात काय काढतोस? चेंडूत हवा नाहीये." मग माझ्या खुर्चीत बसून घाम पुसला.
मुख्याध्यापिका पाठ फिरवून बराच वेळ खोकल्या.

२१ तारीख
लाल टोपी मैदानावरच राहणार. पद्धतीचा विजय! तिच्या आईने माझे आभार मानले. बघत मात्र ताईंकडे होती. शिट्टी मुख्याध्यापिकांनी मागून घेतली, कपाटात ठेवली. आठवण म्हणून असेल.

२४ तारीख
ताईंनी नवा व्हिडिओ केला. अर्धं मिनिट. विषय: न ओरडता तास कसा सुरू करावा. नायिका लाल टोपी. प्रेक्षक मी. रोज तासाआधी दोनदा बघायचा आहे.
आज बघितला. मग तासाला तीनदाच ओरडलो. ताईंनी मुख्याध्यापिकांना धीर दिला: वेळ लागेल, पण जमेल.